पोस्टमास्तरांची साक्ष

धायरी, ९ जून २०२५

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिला असं समजा.

आई परवा बसने आली होती. डब्यात थालीपिठं होती आणि थालीपिठांखाली, तेल लागू नये म्हणून पिशवीत घातलेलं, तुमच्या चित्रमंडळाचं निमंत्रण होतं. मंडळाला पन्नास वर्षं झाली, अभिनंदन. छापील ‘अगत्य येण्याचे करावे’च्या खाली तुमच्या अक्षरात दोन ओळी आहेत: ‘चि. वल्लरी, स्मरणिकेसाठी “सरकार विरुद्ध बयाजी”चे रसग्रहण हवे. शब्दमर्यादा पाळावी.’

दोन वर्षं तुम्ही माझा फोन उचलला नाहीत. उचललात तो एकदाच, आणि ‘राँग नंबर’ म्हणून ठेवलात. आता एकदम शब्दमर्यादा! मी विक्रमचं खराडीचं घर सोडलं, पोरीला, कादंबरीला, घेऊन इथे दोन खोल्यांत राहायला आले, तेव्हा तुम्ही आईला म्हणालात, ‘आपल्या घरातली मुलगी कधी परत आलेली नाही.’ मी परत आलेच नव्हते, बाबा. मी धायरीला आले. नारायण पेठेच्या अब्रूला धक्का लागू नये म्हणून सिंहगड रस्त्याने पार टोकाला आले.

रसग्रहण लिहीन. त्या सिनेमावर माझ्याइतकं कोण लिहिणार? इतर मुलींचे वडील त्यांना बागेत नेत, तुम्ही मला दर वर्षी त्या कोर्टात नेत होतात. पण माझंही एक काम आहे, आणि ते तुमच्याकडेच आहे.

कादंबरीचा ताबा मिळावा म्हणून विक्रमने अर्ज केलाय. त्याचं म्हणणं, मी तापट आहे, खोटारडी आहे, त्याने माझ्या अंगाला कधी बोटही लावलेलं नाही. चार भिंतींच्या आत जे झालं त्याला साक्षीदार नसतो, हे त्यालाही ठाऊक आहे. एकदाच ते भिंतींच्या बाहेर झालं. तुमच्या मंडळाच्या सभागृहात, तुमच्या सिनेमाच्या शेवटच्या रिळात.

आठवत नसेल तर सांगते. विक्रमचा फोन वाजला. मी हळूच म्हटलं, बंद कर. त्याने फोन बंद केला आणि माझी करंगळी धरून मागे वाकवली, मोडेपर्यंत. मी ओरडले. तुम्ही प्रोजेक्टरशेजारी, आमच्या पुढच्याच रांगेत होतात. तुम्ही वळलात. पडद्याचा उजेड आमच्यावर होता. तुम्ही माझा हात पाहिलात, त्याचा हात पाहिलात, माझं तोंड पाहिलंत. मग ओठांवर बोट ठेवून ‘शू’ म्हणालात आणि पुन्हा पडद्याकडे वळलात.

तुमच्या मंडळाचा नियमच आहे. शेवटचं रीळ सुरू झालं की दाराला कडी, कोणी उठायचं नाही, कोणी बोलायचं नाही. मी नियम मोडला होता.

डॉक्टरांना मी ‘दारात सापडलं’ असं सांगितलं, तेच कागदावर आहे. त्यामुळे आता फक्त तुम्ही आहात. ऑगस्टमध्ये शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयात या आणि जे पाहिलंत तेवढं सांगा. एवढंच.

आपली,
वल्लरी


धायरी, २२ जून

तीर्थरूप बाबा,

आईच्या हाती निरोप आला. ‘आधी रसग्रहण, मग बाकीचं बघू.’ बरं. घ्या रसग्रहण. स्मरणिकेत छापा नाहीतर छापू नका.

‘सरकार विरुद्ध बयाजी’ हा चित्रपट मला आजही थोर वाटतो. हे मी तुम्हाला खूश करायला लिहीत नाही, तशी माझी मनःस्थिती नाही. तो थोर आहे याचा मला रागच येतो. गेल्या आठवड्यात कादंबरी शाळेत गेल्यावर लॅपटॉपवर पुन्हा लावला. म्हटलं, आता तरी त्यातली खोट दिसेल. पण पहिल्याच दृश्यात ती उंच खिडकी आली आणि मी काम टाकून बसून राहिले.

सगळा सिनेमा एका खोलीत. कोर्टाला एकच खिडकी, तीही छताजवळ. तिच्यातून पडलेला उन्हाचा चौकोन आधी न्यायाधीशांच्या टेबलावर असतो, मग वकिलांच्या कागदांवर येतो, मग बयाजीच्या अनवाणी पायांवर. दिवस सरकतोय हे कोणी सांगत नाही, ऊनच सांगतं. वकिलांच्या काळ्या झग्यांत सगळा उजेड गडप होतो आणि चौकटीत पांढरं म्हणून एकच उरतं, बयाजीचं धोतर. रंग असता तर हे जमलंच नसतं. संगीत नाही. पंख्याची कुरकुर आणि बाहेरून जाणारी एखादी बैलगाडी. इनामदाराच्या मुनीमाचा खून केल्याचा आरोप असलेला एक सालगडी खाली मान घालून उभा आहे, आणि आपल्याला माहीत आहे की त्याने काही केलेलं नाही.

आणि पोस्टमास्तर. इनामदाराच्या मुलाने मुनीमाला माडीवरून ढकललं हे त्यांनी पोस्टाच्या खिडकीतून पाहिलेलं. तुम्ही व्याख्यानात नेहमी सांगता की ते शेवटच्या रिळात येतात. ते पहिल्या दृश्यापासून तिथेच आहेत. शेवटच्या बाकावर, मांडीवर छत्री घेऊन. प्रत्येक दृश्यात. पहिल्यांदा पाहताना ते दिसत नाहीत, दुसऱ्यांदा पाहताना त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. दिग्दर्शकाने हे कुठेही अधोरेखित केलेलं नाही, बिचाऱ्याने प्रेक्षकांवर भरवसा ठेवला. मग ते उठतात, पिंजऱ्यात उभे राहतात, कठड्यावर हात ठेवतात, ऊन त्या हातावर येतं. चेहरा दाखवतच नाहीत. कॅमेरा त्यांच्या पाठीमागे आहे, त्यामुळे सगळं कोर्ट आपल्याकडेच पाहतंय असं वाटतं. आणि ते वाक्य: ‘मी पाहिलं. आणि पाहून मी घरी गेलो, पोटभर जेवलो.’

या वाक्याला तुमच्या डोळ्यांत दर वर्षी पाणी येतं. लहानपणी मी सिनेमा न बघता तुमच्याकडेच बघायचे. वाटायचं, ज्याला या वाक्याला रडू येतं तो माणूस किती चांगला असेल!

आता तुम्ही कधी न सांगितलेलं सांगते. बयाजीच्या बायकोला सबंध सिनेमात एकही वाक्य नाही. ती दाराशी खाली बसलेली असते आणि चौकट तिला कपाळावर कापते. बयाजी सुटतो तेव्हा लोक हार कोणाला घालतात? पोस्टमास्तरांना! गर्दीत ती बाई मागे ढकलली जाते. तुम्ही याला ‘विवेकाचा विजय’ म्हणता. मला विचाराल तर, तो विवेक इतके दिवस शेवटच्या बाकावर छत्री धरून बसला होता.

तरीही ते उठले, बाबा. उशिरा का होईना, उठले. तुम्हीही उठा. पोस्टमास्तरांसारखे या. मला दुसरं काही नको.

शब्दमर्यादा पाळलेली नाही.

वल्लरी


धायरी, १३ जुलै

बाबा,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. कादंबरीने आयुष्यात पहिल्यांदा पोस्टकार्ड पाहिलं. म्हणाली, ‘आई, हे एन्व्हलपशिवाय कसं काय आलं? सगळ्यांनी वाचलं असेल ना!’ पोस्टमनने वाचलं असेल तर त्याला तरी कळलं असेल की तुमचं काय चाललंय.

‘रसग्रहण उत्तम. बायकोविषयीचा परिच्छेद वगळून छापत आहे. अन्य विषयाबाबत: मी पाहिले नाही असे मी म्हणत नाही. परंतु मंडळाचे नाव न्यायालयीन कागदपत्रांत येणे सुवर्णमहोत्सवी वर्षात अनुचित ठरेल.’

वा. पाहिलं नाही असं तुम्ही म्हणत नाही! हे वाक्य मी तेजस्विनीताईंना, म्हणजे माझ्या वकिलांना, वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘तुमचे वडील वकील का नाही झाले?’ मी म्हटलं, त्यांना कोर्ट फक्त अंधारात बसून आवडतं.

मंडळाचं नाव. माझी करंगळी आजही मिटत नाही, मी पोळी लाटताना ती चिमणीच्या शेपटीसारखी वर राहते, आणि तुम्हाला मंडळाचं नाव! खरं सांगू का? तुम्ही येणार नाही हे मला माहीत होतं. तरी पोस्टकार्ड उघडंच आहे हे विसरून मी ते उघडायला गेले, इतकी घाई झाली होती मला.

कादंबरी नऊ वर्षांची आहे. रात्री दार वाजलं तर अजून दचकते. तिला खराडीला पाठवलं तर तिथे त्या घरात त्याच्यासमोर ती एकटी असेल आणि मी इथे. माझ्या बोटाच्या जागी तिचं बोट असेल. एवढा विचार करा. बाकी मंडळ चिरायू होवो.

वल्लरी


धायरी, २ ऑगस्ट

बाबा,

आई काल फोनवर म्हणाली, ‘ते येतायत. मी काही बोलले नाही हो. आपणहून म्हणाले, साक्ष देतो.’ मग म्हणाली, ‘तुझं ते बोटाचं पत्र त्यांनी पाकिटात ठेवलंय.’ मी फोन ठेवला आणि ओट्यापाशी गेले. मला रडू आलं. तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण सांगते.

आता कामाचं. तेजस्विनीताईंनी तुमच्यासाठी लिहून दिलेला मसुदा तुम्ही लाल शाईने दुरुस्त करून पाठवलात. ‘भाषा रुक्ष आहे’ असा शेराही मारलात. बाबा, ती रुक्षच हवी. त्या म्हणतात, उलटतपासात विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. विशेषणं नकोत, मध्येच थांबणं नको, इतिहास नको. ‘मी वळलो. त्याने तिचं बोट मागे वाकवलेलं होतं. ती ओरडली. मी काही केलं नाही.’ झालं. आजीला बाजारातलं सांगावं तसं सांगा.

विक्रमचे वकील हुशार आहेत. गोड बोलतात. त्यांच्या गोड बोलण्याला भुलू नका.

१२ तारखेला, मंगळवारी सकाळी रिक्षा पाठवते. आईचे गुडघे दुखतात, तिला आणू नका.

तुमची,
वल्लरी


धायरी, १२ ऑगस्ट

बाबा,

तुम्हाला घरी सोडताना रिक्षात मी एक शब्द बोलले नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, मी रस्त्याकडे बघत राहिले. आता लिहिते, कारण लिहिलं नाही तर हे माझ्या डोक्यात सारखं चालू राहील.

तुम्ही बंद गळ्याचा कोट घालून आलात. ऑगस्टमध्ये. हातात छत्री होती. ती पाहून मला वाटलं, पाऊस येईल म्हणून आणली असेल. इतकी मी खुळी.

सुरुवात किती चांगली झाली! नाव, वय, पत्ता. नारायण पेठ म्हणताना मान जरा ताठ. मग विक्रमच्या वकिलांनी विचारलं, ‘त्या वेळी आपण कुठे पाहत होतात?’ ‘पडद्याकडे.’ ‘मग?’ ‘ओरडणं ऐकून वळलो.’ तेजस्विनीताईंनी माझ्या हातावर हळूच थोपटलं. विक्रम पेनशी चाळा करत होता, तो थांबला.

‘काय पाहिलंत?’

आणि तुम्ही छत्री कठड्याला टेकवून ठेवलीत. कठड्यावर उजवा हात ठेवलात. वर पंख्याकडे पाहिलंत. मला कळलं, बाबा. त्या क्षणी मला कळलं आणि मी मनातल्या मनात नको, नको म्हणत होते. न्यायाधीशबाईंना वाटलं तुम्हाला बरं वाटत नाहीये, त्यांनी पाणी द्यायला सांगितलं. तुम्ही हातानेच नको म्हणालात आणि तो आवाज काढलात, जो मी दर वर्षी ऐकलाय.

‘मी पाहिलं. आणि पाहून मी घरी गेलो, पोटभर जेवलो.’

विक्रमचे वकील हसले. आधी मला वाटलं कुत्सित हसले, पण नाही, मनापासून हसले. ‘काका, हे वाक्य ओळखीचं आहे.’

इथे तरी गप्प बसायचं! पण तुमचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांत मी तुम्हाला इतकं आनंदी पाहिलेलं नाही. तुम्ही म्हणालात, ‘आपण पाहिलाय?’

‘कॉलेजात असताना. तुमच्याच मंडळात. पोस्टमास्तर, नाही का?’

‘शेवटचं रीळ,’ तुम्ही म्हणालात. आणि वर त्या नटाचं ते पहिलंच काम होतं, हेही सांगितलंत.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, काय चाललंय? मग त्या गोड माणसाने फार आदराने समजावून सांगितलं की साक्षीदार एका जुन्या कोर्टपटातले संवाद म्हणतायत. टंकलेखिका हसली. विक्रम तर खाली वाकून हसला. मग शेवटचा प्रश्न आला. ‘म्हणजे आपण जे पाहिलंत ते पडद्यावर, की सभागृहात?’ यावर ‘सभागृहात’ हा एक शब्द पुरला असता. तुम्ही चिडलात आणि सिनेमा आणि सत्य यांच्या नात्यावर बोलायला लागलात. न्यायाधीशबाईंना म्हणावं लागलं, ‘साक्षीदाराने विचारलं तेवढंच सांगावं.’

सगळ्यात कडू काय आहे, सांगू? ते वाक्य खरं होतं. अक्षरन् अक्षर खरं. त्या दिवशी तुम्ही खरंच घरी गेलात आणि पोटभर जेवलात. आईने मसालेभात केला होता. मी शेजारच्या पाटावर रुमालात बर्फ धरून बसले होते, आणि तुम्ही दुसऱ्यांदा भात घेतलात. तुम्ही आज शपथेवर खरं बोललात. फक्त ते तुमचं नव्हतं, आणि आता ते कोणी खरं मानणार नाही.

मीच लिहिलं होतं, पोस्टमास्तरांसारखे या. तुम्ही आलात. तक्रार कोणाकडे करू?

बाहेर पायऱ्यांवर तुम्ही कोटाचं वरचं बटण काढलंत आणि मला विचारलंत, ‘कसं झालं?’

वल्लरी


धायरी, २१ सप्टेंबर

बाबा,

आईकडून कळलं की तुम्हाला पुन्हा साक्ष द्यायची आहे. ‘या वेळी नीट सांगेन’ म्हणालात. तेजस्विनीताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोर्टात दुसरा खेळ नसतो.

निकाल तुम्हाला आईने सांगितलाच असेल, तरी माझ्याकडून ऐका. ‘एकमेव स्वतंत्र साक्षीदाराचे कथन चित्रपटातील प्रसंगावर आधारलेले दिसते, सबब त्यावर विसंबता येत नाही.’ दाव्याचा शेवट होईपर्यंत कादंबरी विक्रमकडे. शाळा तिथून जवळ, फ्लॅट मोठा, घरात विक्रमची आई. शनिवार-रविवार माझ्याकडे. वरच्या कोर्टात जायचं आहे, जाणार आहे. ते माझं मी बघीन.

स्मरणिका मिळाली. छान छापली आहे. माझं रसग्रहण मधल्या पानावर आहे आणि बयाजीची बायको त्यात नाही.

तुमच्यावर मी चिडले आहे, ते जाणार नाही. तुम्ही आला नसतात तर मला तुमचा नुसता राग आला असता, आणि रागाबरोबर जगता येतं. तुम्ही आलात. कोट घालून, म्हातारपणी, मंडळाची अब्रू बाजूला ठेवून आलात, आणि तरीही माझ्यासाठी आला नाहीत. ‘माझ्या मुलीचं बोट’ एवढे तीन शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत. ते तुमच्या सिनेमात नव्हते.

आज रविवार. कादंबरी दोन दिवस माझ्याकडे होती. काल आल्या आल्या तिने दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि चपला काढून पुन्हा घातल्या, परक्या घरी आल्यासारखं. मी तिला शिरा करून दिला. खाताना म्हणाली, ‘पप्पा सांगत होते, आजोबांनी कोर्टात ॲक्टिंग केली आणि सगळे हसले.’

मी तिला आणखी शिरा वाढला.

‘आजोबा खोटं बोलले का गं?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘आजोबा खरं बोलले.’

‘मग मला तिकडे का राहायला लागतं?’

संध्याकाळी मी तिला खराडीला सोडून आले. तिला सांगितलंय, आजोबांना विचारून कळवते. तेव्हा कळवा. पोस्टकार्ड नको, पाकीट घाला, आणि आईकडून लिहून घेऊ नका. शब्दमर्यादा नाही.

वल्लरी